गरम असतानाच गाळायचं

मी एक खोटं वाक्य छापील कागदावर लिहिलं आहे. इंग्रजीत ते एका ओळीत मावत होतं. मराठीत त्याचा अर्थ असा, की पावडर गाळून काढल्यावर पाण्यात धातूचा अंश उरत नाही. लिहिलं तेव्हा ती चूक होती. आठ दिवसांनी ते खोटं झालं, कारण तोवर मला खरं कळलं होतं आणि वाक्य तिथेच होतं. ते वाचून एका शेठने ठरवलं, की हे पाणी आपल्या सायझिंगमध्ये कांजी शिजवायला वापरायचं. ती कांजी माझे वडील शिजवतात. आणि शिजवताना चाखतात.

ही गोष्ट होऊन काही वर्षं झाली. मला सगळे सांगतात की आता सोडून दे. सोडून द्यायला मी ती धरून बसलेली नाही, तीच मला धरून बसली आहे.

भिवंडी म्हटलं की लोकांना मागांचा आवाज आठवतो. पण सूत मागावर चढण्याआधी सायझिंगमध्ये जातं. कच्चा धागा मागावर टिकत नाही, घासून घासून तुटतो. म्हणून त्याला खळ पाजावी लागते. आमच्याकडे तिला सगळे कांजीच म्हणतात. स्टार्च पाण्यात कालवायचं, टाकीत वाफ सोडायची, आणि लाकडी फळीने ढवळत राहायचं. शिजली की गरम असतानाच जाड कापडातून गाळायची. निवली तर तिचे गोळे होतात, गोळा सुतावर बसला की तिथे डाग पडतो, नाही तर धागा तुटतो, आणि मग मागवाल्याची शिवी सायझिंगवाल्याला आणि सायझिंगवाल्याची शिवी माझ्या वडिलांना.

बाबा हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. चिकटपणा ते अंगठा आणि बोट यांच्यात बघतात. बाकीचं जिभेच्या टोकावर. कांजी आंबली तर जिभेला कळतं. टँकरचं पाणी खारट असलं तरी कळतं. आमच्याकडे खाडी जवळ, बोअरचं पाणी मचूळ, त्यामुळे टँकरवाला काय भरून आणेल याचा नेम नसतो. बाबा चाखतात आणि थुंकतात. दिवसातून सात-आठ वेळा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील कामावर असंच करतात.

सरांबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या माझ्या केमिस्ट्रीच्या सरांबद्दल, मी आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कुणाला समजणार नाही.

बी.एस्सी. झाल्यावर मला मानकोलीच्या एका गोदामात काम मिळालं होतं. खोके स्कॅन करायचं. घरात कुणी कॉलेजचा दरवाजा पाहिला नव्हता, त्यामुळे मी पदवीला पोचले हेच आमच्याकडे फार झालं होतं. मी कामाला जाणार हे ठरलंही होतं. तेव्हा सर स्कूटर घेऊन राहनाळजवळच्या आमच्या गावात, घर विचारत विचारत आले. आईने ठेवणीतला कप काढला. बाबा सर बसलेले असेपर्यंत उभेच होते. सर म्हणाले, "ही मुलगी खोके मोजायला जन्माला आलेली नाही. हिला एम.एस्सी. करू द्या. मी बघतो पुढचं." बाबांनी मान डोलावली. सर गेल्यावर म्हणाले, "एवढा मोठा मानूस आपल्या दारात आला. बाय, आता न्हाय कसं म्हनायचं."

सरांनी पुढचं बघितलंही. स्वतःची पुस्तकं दिली. मला इंग्रजीत वाक्यं जमत नव्हती तेव्हा माझ्याबरोबर बसून दुरुस्त केली. वर्गात ते म्हणायचे, शिक्षक म्हणजे उत्प्रेरक. दुसऱ्यात बदल घडवतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

प्रोजेक्टला त्यांनी मला त्यांचा आवडता विषय दिला. धातूच्या ऑक्साइडचे पुंजके. आमच्या गावात गौरीला बाया हात धरून फेर धरतात आणि मध्ये एक जण असते, तसं चित्र डोळ्यांसमोर आणावं. मध्ये फॉस्फरसचा एक अणू. भोवती मॉलिब्डेनमचे बारा, आणि त्या सगळ्यांना जोडणारा ऑक्सिजन. आम्ही त्या बारांतल्या एक-दोघांच्या जागी व्हॅनेडियम बसवत होतो, म्हणजे काम जलद होतं. हा पुंजका रंगाच्या रेणूला ऑक्सिडाइज करतो, म्हणजे तोडतो. तसं करताना स्वतः निळा पडतो. मग पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेऊन परत पिवळा होतो आणि पुन्हा कामाला लागतो. डाईंगमधून, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यातून, येणारं लालभडक पाणी दोन तासांत पाण्यासारखं दिसायला लागतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "एवढं समदं करून शेवटी पानीच कं?"

पुंजका नुसता पाण्यात टाकला तर विरघळून पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून तो सिलिकाच्या पांढऱ्या पावडरीवर बसवायचा, काम झालं की पावडर गाळून काढायची आणि पुन्हा वापरायची. सगळी मदार त्यावर होती. पुंजका पावडरीला चिकटून राहिला तर पाणी स्वच्छ. सुटला तर रंग गेला आणि त्याच्या जागी धातू आला, तोही डोळ्यांना न दिसणारा.

तो सुटतो की नाही हे बघायची सोपी चाचणी आहे. काम अर्धं झालं की पावडर गाळून काढायची. उरलेल्या पाण्याचा रंग तेवढाच राहिला तर ठीक. पावडर नसतानाही रंग जातच राहिला, तर समजायचं की पाण्यात काही तरी उतरलं आहे.

आमच्या लॅबमध्ये ही चाचणी दर वर्षी होत होती आणि दर वर्षी पाणी पास होत होतं. त्याचं कारण आमचा पंप होता. गाळायचा पंप नळाच्या पाण्याच्या जोरावर चालायचा, आणि कॉलेजला पाणी सकाळी साडेदहाला यायचं, बाराला जायचं. सकाळी तास असायचे, त्यामुळे सगळे दुपारी प्रयोग करायचे, साडेचारला शेगडी बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं की गाळायचे. लॅबमधले शिपाई, चाचा, आमच्या वयापेक्षा जास्त वर्षं तिथे होते. ते पंपावर हात ठेवून म्हणायचे, "हा माझ्याहून म्हातारा आहे, बेटी. पाणी आलं तर उठतो, नाही तर मेरे जैसा बसून राहतो. याला घाई करायची नाही."

मीही तसंच केलं. सकाळी गाळलं, गाळलेल्या पाण्यात नवा रंग घातला, रंग जसाच्या तसा. मग आधीच्या मुलांच्या रिपोर्टमधलं वाक्य उचलून माझ्या मसुद्यात टाकलं. सरांनी सही केली आणि मसुदा कुणाला तरी दाखवायला घेऊन गेले. कुणाला, ते मी विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

त्याच आठवड्यात बाबांनी मला एका रविवारी विचारलं, की तू दिवसभर तिथं करतेस तरी काय. मी बऱ्याच उत्साहाने सांगितलं. फेर, बारा जणी, पावडर, गाळणं. बाबांना फेराशी देणंघेणं नव्हतं. ते गाळण्यापाशी थांबले.

"गरम असताना गालतेस कं?"

"नाही, दुसऱ्या दिवशी. पाणी आल्यावर."

"निवल्यावर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अगदी माझी कीव आल्यासारखं. "निवल्यावर जे सुटलेलं असतं ते परत बसतं ना. मंग तुला काय दिसनार, कप्पाल?"

मी हसले. म्हटलं, बाबा, ही कांजी नाही. मग जेवताना घास हातातच राहिला. कारण पुस्तकात त्या चाचणीचं नावच गरम गाळणी असं होतं, आणि मी ते नाव वीस वेळा वाचलं होतं.

मी विचारलं, "पण पंप नसला तर कसं गाळायचं? गाळता गाळताच निवतं."

"आधी भांडं तापव. कापड तापव. उकलतं पानी वतून मंग गाल. पंप कशाला पायजे?"

सोमवारी मी तसंच केलं. काचेचं नरसाळं गरम पाण्यात ठेवलं, गाळणकागद दुहेरी घातला, त्यावरून आधी उकळतं पाणी सोडलं, आणि काम अर्धं झालेलं असताना, साठ अंशांवर, गाळून घेतलं. चाचा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "चहा बनवतेस का?"

गाळलेलं पाणी फिकट लाल होतं. उजेडाकडे धरून बघितलं, पावडरीचा एक कणही नव्हता. पुन्हा दुहेरी कागदातून गाळलं, तरी नव्हता. ते तसंच गरम ठेवलं. शेजारी दुसऱ्या चंबूत फक्त रंग आणि पेरॉक्साइड ठेवलं, पावडर न घालता. तासाभरात माझ्या गाळलेल्या पाण्याचा रंग पार गेला. शेजारचा चंबू लालच.

चाचा चेष्टा करायचे थांबले. म्हणाले, "मग इतकी वर्षं काय झालं?"

मी तीन दिवस तेच केलं. तीनदा तेच. चौथ्या दिवशी एस.टी. स्टँडजवळच्या मेडिकलमधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणल्या, कारण मॉलिब्डेनमचा पुंजका पाण्यात असेल तर ती गोळी त्याला निळा करते. पेरॉक्साइड संपेपर्यंत पाणी उकळलं, गोळी कुटून घातली. पाणी निळं झालं. आकाशी नाही, चांगलं गडद. मग लॅबचं नेहमीचं, थंड गाळलेलं पाणी घेऊन तेच केलं. त्याला रंग आलाच नाही. बाबांचं बरोबर होतं. निवताना पुंजका पावडरीवर परत बसत होता आणि आम्ही दर वर्षी तो बसल्यावर बघायला जात होतो.

मी तो निळा चंबू घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगते, मी आनंदात होते. मला वाटलं सर शाबासकी देतील.

सरांनी चंबू बघितला, माझी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, "गरम गाळायचं कुणी सांगितलं तुला?"

"वडिलांनी."

"काय करतात ते?" त्यांना माहीत होतं.

"कांजी शिजवतात, सर."

"मग त्यांना कांजी शिजवू दे, बाळा. आपण केमिस्ट्री करू."

ते हे प्रेमाने म्हणाले. मला आजही राग येतो तो त्या प्रेमाचा. माणूस ओरडला तर उलट बोलता येतं.

मी म्हटलं, "सर, पण ते वाक्य बदलायला लागेल."

"ते वाक्य गेलं आता. त्यावर एक काम ठरलंय." त्यांचा चेहरा उजळला, आणि तेव्हा मला कळलं की मसुदा कुणाकडे गेला होता. एका शेठचं डाईंग होतं आणि लागूनच सायझिंग. डाईंगचं पाणी आपल्या पावडरीने साफ करायचं, निवायची वाट न बघता गाळायचं आणि नाल्यात न सोडता तेच कांजीला वापरायचं. "टँकर निम्मे होतील. कॉलेजचं नाव होईल. तुझंही होईल."

"कुठलं सायझिंग, सर?"

त्यांनी सांगितलं. ते बाबांचं सायझिंग होतं.

मी म्हटलं, "सर, त्यात वडील जीभ लावतात."

"कशाला?" त्यांना खरंच समजलं नाही. "पी-एच पेपर नाही का त्यांच्याकडे?"

"नाही, सर."

"मग मागून घ्यायचा." वर म्हणाले, "हे बघ, अंश आहे. एवढ्याशा अंशाने कुणाला काही होत नाही."

"मग मोजू या. किती आहे ते लिहू या."

"मोजलं की लिहावं लागतं," सर म्हणाले. त्यांनी माझी वही मिटून माझ्या हातात दिली. "मी तुमच्या घरी आलो होतो, आठवतं ना? त्या दिवशी आलो नसतो तर आज मानकोलीला खोके स्कॅन करत असतीस. मी हे बोलून दाखवत नाही. फक्त आठवण करून देतो."

मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर आले.

हे "हो सर" मी कितीदा म्हटलं असेन आयुष्यात, पण तेवढं एक मला परत घ्यायचं आहे. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. एकदा जिभेला लागून काही होत नाही हे मलाही कळत होतं. पण दिवसाला सात-आठ वेळा, वर्षानुवर्षं? आणि तीच कांजी सुतावर वाळते, मागावर घासून तिची भुकटी उडते, आणि मागाच्या खोलीत ती भुकटी माणसांच्या भुवयांवर पांढरी बसलेली आपण रोज बघतो. ती आत किती जात असेल? व्हॅनेडियम फुप्फुसांना काय करतं हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. दुसऱ्या सेमिस्टरला, फळ्यावर, अधोरेखित करून.

मी निळं पाणी बाटलीत भरून घरी नेलं. आईने बाटली उचलून बघितली. "निलीचं पानी आनलंस कं? घरात हाय की नील."

बाबा आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न असा, "सरांच्या तोंडाला तोंड दिलंस कं?"

"नाही."

"बरं केलंस. त्यांचं उपकार हायत आपल्यावर."

माझा सगळा राग तिथे बाहेर पडला, चुकीच्या माणसावर. मी म्हटलं, "उपकार माझ्यावर आहेत, बाबा, तर मी फेडीन. तुम्ही जिभेने का फेडायचे? ते पाणी तुमच्या तोंडात जाणार आहे. आणि ते जातंय माझ्या वाक्यावर." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्याकडे बाबांशी या आवाजात कुणी बोलत नाही.

बाबा रागावले नाहीत. बाटली खिडकीशी नेऊन फिरवून बघत राहिले.

"गरम गाललंस?"

"हो."

"भांडं आधी तापवलं होतंस?"

"हो, बाबा. कागदसुद्धा."

"मंग हाय त्यात काय तरी," ते म्हणाले. सरांनी वहीतली तीन पानं वाचून जे मान्य केलं नाही, ते बाबांनी दोन प्रश्नांत मान्य केलं. "तू आता काय बोलू नको. पानी येऊं दे. नवीन पानी आलं का मी आधी बादलीभर शिजवून बगतो. तो माजा हक हाय, शेठ पन न्हाय म्हनत न्हाय."

"चाखायचं नाही पण."

"न चाखता कललं कसं?"

"शप्पथ घ्या माझी."

"बरं, न्हाय चाखनार. बघीन नुसता. कांजीला बगून काय कलतं ते देव जाने."

पाणी सोडायचं सकाळी ठरलं होतं. शेठ आले, सर कडक इस्त्रीच्या शर्टात आले, मी वही घेऊन मागे उभी. डाईंगच्या बाजूने पाइप आणला होता आणि त्यातून अगदी स्वच्छ दिसणारं पाणी येत होतं. शेठ पुन्हा पुन्हा म्हणत होते, "क्या बात है, सर. काच जैसा." सरांनी मला पुढे बोलावलं. "ही आमची विद्यार्थिनी. हिचंच काम. आणि हे हिचे वडील, तुमच्याकडेच असतात." शेठने बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा. "अच्छा? आपने बताया नहीं कभी." बाबा कपाळाचा घाम पुसत नुसते हसले.

टाकी भरायला लागणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "शेठ, आधी बादली."

"अरे, सर ने चेक किया है."

"हां, पन नवीन पानी हाय. बादली करतो. पाच मिनिटं."

शेठने हात हलवला, करा म्हणून. बाबांनी बादलीत स्टार्च कालवलं, वाफेची नळी आत सोडली आणि ढवळायला लागले. कांजी आधी दुधासारखी होती. मग घट्ट व्हायला लागली. मग बाबांचा हात मंद झाला. मी वाकून बघितलं. पांढऱ्यात हिरवट झाक आली होती. स्टार्च तापून फुटतं तेव्हा त्यातून साखरेच्या जातीचं काही सुटतं आणि तेही पुंजक्याला निळं करू शकतं, हे मी वाचलेलं होतं. पण असं होईल असं मला वाटलं नव्हतं. बाबा ढवळत राहिले. बघता बघता बादलीतली कांजी निळी झाली.

शेठ पुढे येऊन बादलीत डोकावले.

"ये क्या है?" शेठ म्हणाले.

सर म्हणाले, "थोडं रिडक्शन होतंय. म्हणजे, तसं घाबरण्यासारखं काही..."

"सर, मेरा माल कोरा जाता है. नीला नहीं जाता. ये धागे पे चढ़ गया तो व्यापारी ताका मेरे मुँह पे मारेगा."

बाबा फळी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "शेठ, हे मी चाखलं न्हाय."

शेठने त्यांच्याकडे पाहिलं. "तो?"

बाबांनी बादली उचलून बाहेर नेली. तिथे कुणीही विचारलं नाही, की निळं कशाने झालं. कुणीही विचारलं नाही, की तू चाखलं असतंस तर काय झालं असतं. सर होते, शेठ होते, दोन मुकादम होते. सुताला डाग पडेल म्हणून ते पाणी थांबलं. माणसासाठी थांबलं नाही. निळं झालं नसतं तर त्या दिवशी दुपारपासून ते टाकीत गेलं असतं, आणि माझे वडील, शपथ किती दिवस पाळली असती कुणास ठाऊक, पुन्हा जिभेने बघायला लागले असते.

बाहेर पडताना सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बादलीचं तू शिकवलंस त्यांना?"

"नाही, सर. ते दर वेळी करतात."

त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "ठीक आहे. आता ते वाक्य बदल. 'कांजीसाठी वापरण्यास अयोग्य' एवढं लिही. बाकीचं राहू दे." म्हणजे पाणी नाल्याला योग्य. नाल्यात कांजी नसते, तिथे काही निळं होत नाही. आणि झालंही तसंच. उरलेली पावडर संपेपर्यंत डाईंगवाल्यांनी ती वापरली आणि काचेसारखं पाणी नाल्यात सोडलं. नाला खाडीला जातो.

मी या वेळी "हो सर" म्हटलं नाही. रिपोर्टमधून ते वाक्य काढलं आणि त्या जागी चार पानं घातली. गरम गाळणी, थंड गाळणी, दोन्हींचे निकाल, निळ्या रंगाची चाचणी, आणि शेवटी सायझिंगमधली बादली. डाईंगमध्येही एक प्रत नेऊन दिली. ती घेणाऱ्याने त्यावर चहाचा ग्लास ठेवला. सरांनी रिपोर्ट दहा दिवस कपाटात ठेवला. मुदतीच्या दिवशी सही केली, आतलं पान न उघडता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, की पंप असताना तू साध्या नरसाळ्याने का गाळलंस. मी म्हटलं, गरम असतानाच गाळायचं होतं, आणि पंपाला पाणी येतं दुसऱ्या दिवशी, सगळं निवल्यावर. त्यांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

मी पास झाले. पीएच.डी.साठी मला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. ते मागायला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा सर कामात होते. चौथ्यांदा मी गेले नाही. आता मी एका शाळेत विज्ञान शिकवते. सर भेटले तर मी वाकून नमस्कार करते आणि तो मनापासून असतो, कारण ते आमच्या घरी आले होते. नमस्कार करून सरळ उभी राहते तेव्हा राग तिथेच असतो. दोन्ही एकाच माणसाबद्दल वाटू शकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मध्ये एकदा चाचा बाजारात भेटले. विचारलं, की मुलं आता गरम गाळतात का. चाचा म्हणाले, "पाणी साडेदहाला येतं, बेटी. साडेचारला सगळ्यांना घरी जायचं असतं. तुझ्यासारखा चहा कोण बनवत बसणार?"

मागच्या महिन्यात मी बाबांना पी-एच पेपरची पुस्तिका आणून दिली. पट्टी कशी बुडवायची, रंग कुठल्या रंगाशी लावून बघायचा, सगळं समजावलं. म्हटलं, आता जीभ लावायची गरज नाही. त्यांनी कौतुकाने ती शर्टाच्या खिशात ठेवली. चार दिवसांनी मी त्यांचा डबा घेऊन सायझिंगवर गेले. टँकर नुकताच आला होता. बाबांनी पट्टी बुडवली, डोळ्यांजवळ नेली, पुस्तिकेवरच्या रंगांशी नीट लावून बघितली. मग बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

मी डबा तिथेच ठेवला आणि ओरडलेच, "बाबा, कागद दिला ना तुम्हाला?"

"बगितला की कागद. बरोबर हाय तो." त्यांनी बोट लुंगीला पुसलं. "पन छापलेलं हाय ते, बाय. एकदा खात्री करून घेतली."